अर्धा पुरस्कार चंबळचा

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चंबळच्या खोऱ्यातल्या माणसाची भूमिका दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या मानापर्यंत पोचली आणि दोन्ही वेळा अर्धाच मान पदरात पडला. 2012 सालासाठी ‘पानसिंग तोमर’च्या इरफान खानला तो मिळाला, पण ‘अनुमती’च्या विक्रम गोखल्यांबरोबर वाटून. 2023 सालासाठी ‘ट्वेल्थ फेल’मध्ये मनोज झालेल्या विक्रांत मॅसीला मिळाला, तो ‘जवान’च्या शाहरुख खानबरोबर वाटून. त्यात शाहरुखचा बापलेकांचा डबल रोल, म्हणजे माणशी हिशेब केला तर मुरैन्याच्या मनोजच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश येतो. बरं, दिल्लीच्या मनात चंबळबद्दल आकस म्हणावा, तर त्या दोन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र चंबळचाच आणि तोही अख्खा. म्हणजे गाव मान्य, गोष्ट मान्य, नटापाशी आलं की परीक्षकांचा हात कापतो. चंबळच्याच टापूतला ग्वाल्हेरकर समजूतदार असल्यामुळे दोन अर्धे मिळून एक पूर्ण झाला, फक्त अकरा वर्षांच्या हप्त्यांत मिळाला, असं धरून चालतो. पण घोटाळ्याचं मूळ शोधायला हवं. माझ्या मते परीक्षकांचे डोळे एकाला मत देतात आणि कान दुसऱ्याला. मग भांडण नको म्हणून भाऊबंदकीतल्या पंचांसारखी वाटणी होते. यावर उपाय सोपा आहे. वर्षातला उत्तम अभिनय डोळे मिटून निवडावा, आणि ते काम ग्वाल्हेरच्या मराठी माणसावर सोपवावं.

डोळ्यांवर माझा राग नाही, पण ते पटकन फितूर होतात. डिसेंबरात सर्वोत्तम अभिनयाच्या याद्या निघतात त्या नीट पाहाव्यात. नटाने वीस किलो वजन वाढवलं तर उत्तम अभिनय, वीस किलो घटवलं तर महान अभिनय, आणि टक्कल केलं तर विचारायलाच नको. खरं तर यातला अर्धा मान आहारतज्ज्ञाचा आणि उरलेला न्हाव्याचा. जिभेला मात्र विग लावता येत नाही. ‘पानसिंग तोमर’ची सुरुवात आठवा. समोर वार्ताहर बसलाय, तो ‘डाकू’ म्हणतो आणि पानसिंग त्याचा शब्द दुरुस्त करून ‘बागी’ म्हणायला लावतो. सात वेळा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या सैनिकाचा उरलेला सगळा अभिमान त्या एका दुरुस्तीत आहे, आणि ती ऐकायचीच गोष्ट आहे. इरफान राजस्थानचा, मॅसी मुंबईचा. चंबळचं पाणी दोघांच्याही पोटात नव्हतं. तरी दोघांनी ते घशातून काढलं. याची किंमत ग्वाल्हेरच्या मराठी घरांना जास्त कळते. दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्या तळाचंच लष्कर नावाचं शहर झालं, तेव्हापासून, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, ही मंडळी उंबरठ्याच्या आत ‘काय’ म्हणतात आणि बाहेर ‘काए’ ऐकतात. आतल्या ‘काय’ला नुसतं उत्तर द्यायचं असतं, बाहेरच्या ‘काए’ला कारण द्यावं लागतं. कागदावर फरक एका अक्षराचा. पण तो कानाला कळला नाही तर भाजीवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळीकडे फजिती ठरलेली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 2012 साली वाटणी झाली ती इरफान आणि गोखल्यांत. ‘अनुमती’मध्ये बायको कृत्रिम श्वासावर पडून आहे आणि निवृत्त मास्तरांना एका कागदावर सही करायची की नाही ते ठरवायचं आहे. त्यात बोलीची करामत कुठली? मग परीक्षकांच्या डोळ्यांनी गोखल्यांना निवडलं म्हणायचं का? मुळीच नाही. विक्रम गोखल्यांची ख्याती कशाची, हे कुठल्याही नकलाकाराला विचारा. त्यांच्या विरामांची! दोन शब्दांमध्ये ते एवढी जागा सोडत की त्यात एखादा उतावळा नट आपलं पूर्ण स्वगत म्हणून मोकळा झाला असता. त्या जागेत ‘अनुमती’तले मास्तर हिशेब करतात, पैशांचा आणि संसाराचाही. विराम ही ऐकण्याचीच गोष्ट आहे, नुसतं पाहणाऱ्याला तो फिल्म अडकल्यासारखा वाटेल. शिवाय हा वारसाहक्क आहे. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघी फाळक्यांच्या 1913 च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या. घराण्याचा सिनेमातला पहिला संवादच न बोललेला, तेव्हा पणतू थांबून बोलला तर नवल काय? म्हणजे 2012 साली कानांनीच दोघांना निवडलं, एकाला शब्दांसाठी आणि दुसऱ्याला शब्दांमधल्या फटींसाठी. माझा सिद्धांत त्या वर्षी अडचणीत येत नाही, उलट तेवढ्या वाटणीला न्याय्य ठरवतो. 2023 बद्दल मात्र मी काही बोलणार नाही, कारण शाहरुखचे चाहते ग्वाल्हेरातही पुष्कळ आहेत आणि महाराज बाड्यावरून मला रोज जावं लागतं.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. सिनेमा हे दृश्य माध्यम आहे, हे वाक्य ते असं उच्चारतात की जणू आधी कुणाला माहीत नव्हतं. त्यासोबत ‘पुष्पक’ समोर ठेवतात. 1987 चा, संवाद एकही नाही, तरी कमल हासन दोन तास खुर्चीला खिळवून ठेवतो. कबूल. पण संवाद नाहीत म्हणजे आवाज नाहीत असं नव्हे, आणि मौनाची लय चुकली की ते कानालाच कळतं. ग्वाल्हेर घराण्याची गायकी इथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गळ्यातून महाराष्ट्रात उतरली. त्या गावात सम चुकलेली ऐकायला रागाचं नाव माहीत असावं लागत नाही. बेसूर हा सर्वांना फुकट मिळणारा अनुभव आहे. त्याच न्यायाने, ज्याला चंबळची बोली ओ की ठो कळत नाही त्यालाही खोटी बोली कळते. एरवी तोंडातल्या तोंडात इंग्रजी घोळवणारे नट गावकरी झाले की प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘रे’ किंवा ‘हो’ बांधतात, आणि तिकिटाचे पैसे दिलेला पुण्याचा प्रेक्षकही दचकतो. मॅसीचं शेवटचं दृश्य याच कसोटीवर लावा. निकाल कळतो, शब्द संपतात, तो गुडघ्यांवर कोसळून रडतो. डोळे मिटा. ते रडणंही मुरैन्याचंच आहे. (खरे मनोजकुमार शर्मा पुढे पोलीस अधिकारी झाले ते महाराष्ट्र केडरमध्ये. शिंदे दक्षिणेतून उत्तरेत आले, त्याची ही उशिरा झालेली परतफेड.)

डोळ्यांच्या राज्यात सर्वांत मोठा अन्याय कुणावर होत असेल तर तो शरद केळकरवर. जन्म ग्वाल्हेरचा, आडनाव केळकर, आणि हिंदी ‘बाहुबली’तला बाहुबली बोलतो तो याच्या आवाजात. लहानपणी आपण बोलताना अडखळायचो, हे त्यानेच मुलाखतींतून सांगितलंय. 2015 आणि 2017 या दोन्ही वर्षी उत्तरेतल्या पोरांनी ज्या राजपुत्रावर जीव ओवाळला, त्याचे दंड प्रभासचे होते आणि दरारा केळकरचा. याद्यांमध्ये मात्र दंडच येतात. नटाच्या तोंडचं गाणं दुसऱ्याने म्हटलं तर पार्श्वगायक म्हणून त्याचा सत्कार, आणि अख्खी भूमिका दुसऱ्याने बोलली तर श्रेयनामावलीच्या तळाशी एक बारीक ओळ, हा कुठला न्याय? केरळच्या राज्य पुरस्कारांत डबिंग कलाकारासाठी वेगळा पुरस्कार आहे, म्हणजे देशात निदान एका सरकारला कान आहेत. याच ओघात ग्वाल्हेरच्याच पीयूष मिश्रांचंही नाव घेतो. 2012 च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’मध्ये ते नासिर म्हणून दिसतात, पण गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या आवाजानेच इतका मोठा पसारा सावरला आहे. थोडक्यात, चंबळ नटांची आयात करतं आणि आवाजांची निर्यात. पावती फक्त आयातीची फाटते.

आता शेवटचा आरोप. हे सगळं गाववाल्यांचं कौतुक आहे, कानांचं नुसतं निमित्त. आरोप खरा आहे, तरी कानांचा निकाल गावाबाहेरही लागतो, हे सिद्ध करायला 2024 साल पुरे. त्या वर्षाचं माझं मत छाया कदमला, आणि तिचा ग्वाल्हेरशी काडीचाही संबंध नाही. ‘लापता लेडीज’मध्ये ती स्टेशनावर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई होते आणि उत्तरेची बोली अशी फटकारते की गिऱ्हाईकाने सुटे पैसे आधीच काढून ठेवावेत. ‘मडगाव एक्सप्रेस’मध्ये तीच गोव्यात बायकांची टोळी चालवणारी कांचन कोंबडी. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मध्ये तीच मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती, जिच्या घरावर बिल्डरचा डोळा आहे आणि घर आपलं म्हणायला जिच्याकडे कागद नाही. या शेवटच्या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं ते कुठे, तर कानमध्ये. नावातच निकाल आहे. तिघींचा चेहरा एक, पदर खोचायची पद्धत जवळपास एक, पण डोळे मिटून ऐकलं तर तीन वेगळ्या बायका तीन वेगळ्या कारणांनी आपल्यावर खेकसतात. परीक्षकांना सवयीप्रमाणे पुरस्कार वाटूनच द्यायचा असेल तर खुशाल तिघींत वाटावा. पोस्टमनला एकाच दारी जावं लागेल.