फॉर की सिन्स?

प्रत्येक पेठेत एखाद्या तरी वाड्याच्या ओसरीवर हा गृहस्थ आरामखुर्ची टाकून बसलेला असतोच. आमच्या पेठेच्या वाट्यास आलेले रावसाहेब शिरस्तेदारीतून सेवानिवृत्त झाले असले तरी इंग्रजी व्याकरणाची फौजदारी त्यांनी अद्याप खाली ठेवलेली नाही. मनुष्य आजारी आहे असे कळले की ते औषधाची नव्हे, मुदतीची चौकशी करतात : "फॉर की सिन्स?"

शेजारच्या मुलाने शाळेसाठी लिहिलेली रजेची दरखास्त त्यांच्या हाती पडली. मजकूर होता, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.' "तीन दिवस ही मुदत, आरंभतिथी नव्हे. मुदतीस फॉर, तिथीस सिन्स. आणि जे मागे सुरू होऊन आजतागायत जारी आहे, त्यास हॅव बीन!" असा हुकूम फर्मावून, तांबड्या शाईचे शेरे मारमारून त्यांनी ती इतक्या वेळा परत धाडली की, निर्दोष प्रत सिद्ध होईपर्यंत मुलाचा ताप उतरला आणि, दुखणेच जारी न राहिल्यामुळे, सारा मजकूर पुनश्च साध्या भूतकाळात उतरवावा लागला. एका तेराव्याला, दिवंगत किती दिवस अंथरुणावर होते याची चर्चा चालू असता, पानावरून मान वर न करता हे पुटपुटले, "हॅड बीन."

आपण मराठी माणसे 'तीन दिवसांपासून आजारी आहे' असे सरळ वर्तमानकाळात बोलतो, आणि फ्रेंच व जर्मन लोकही तसेच बोलतात, अशी मुलाची वकिली मी एकदा केली.

"म्हणूनच 1940 साली पॅरिस पडले," रावसाहेब म्हणाले.

"आणि जर्मन?"

"1945 साली बर्लिनही पडले."

ज्यांच्या व्याकरणाची ते पोथीसारखी पारायणे करतात त्या लेखकजोडीतील रेनसाहेबांनीच, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या त्या गृहस्थांनी, फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही कादंबरी 1924 साली लिहिली, हे मी निदर्शनास आणले. "कादंबरीत," ते म्हणाले, "व्याकरणात नव्हे!"

मला हा मनुष्य आवडतो असे लिहिणे जिवावर येते. तथापि दाव्याची हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मोरीच्या पाण्यावरून तंटा होऊन रावसाहेबांनी, निव्वळ संतापापोटी, माडीवरच्या भाडेकरूवर भाडे थकल्याची फिर्याद ठोकली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोठेच अभय दिलेले; परंतु त्या बिचाऱ्यास इंग्रजी कैफियत लिहिता येईना, आणि वाड्यात इंग्रजी जाणणारा मनुष्य एकच. 'आय ॲम पेइंग रेंट सिन्स ट्वेल्व्ह इयर्स' हा मसुदा घेऊन तो भीतभीतच ओसरीवर आला. वादीने चष्मा लावला, वाक्य वाचले, आणि वेदना असह्य होऊन स्वहस्ते लिहिले : 'आय हॅव बीन पेइंग रेंट रेग्युलरली फॉर ट्वेल्व्ह इयर्स.'

भाडेकरूच्या वकिलाने, अर्थातच, तो तांबडा कागदच कोर्टापुढे ठेवला. हस्ताक्षर आपले आहे काय, या प्रश्नावर रावसाहेब ताठ मानेने उत्तरले, "होय, आणि वाक्य बिनचूक आहे." दावा खर्चासह नामंजूर झाला.

भाडेकरू माडीवरच राहतो आणि दरमहा भाडे आणून देतो. पावती मात्र रावसाहेब हल्ली मराठीत लिहितात.