कडेवरचं नाव

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे पुण्याचा पर्यटक तुळशीबागेत कमावलेली घासाघिशीची सगळी विद्या पणाला लावतो. ट्रेमध्ये पहिल्या महायुद्धाची चांदीची पदकं पडलेली असतात: एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पण भाव राजाच्या तोंडाकडे बघून ठरत नाही. जाणकार पदक आडवं धरून भिंगाने कड वाचतात. शिपायाचा नंबर, नाव, पलटण तिथे असते. माणूस गाजलेल्या लढाईत मेला असेल, तर भाव चढतो. धडधाकट घरी परतला, हा बाजाराच्या हिशोबात दोषच.

मजूर तुकड्यांतल्या हिंदी माणसांना हेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं दिलं. सरकारने तेवढीच चांदी वाचवली! आता दुर्मीळ म्हणून संग्राहक त्या ब्राँझलाच जास्त पैसे मोजतात. चांदीच्या पदकांचं काय, १९८० साली चांदी भडकली तेव्हा कित्येक शूरवीर थेट भट्टीत गेले.

कडेवर ११० वी मराठा पलटण दिसली, की आपल्या माणसाचा ऊर भरून येतो. पूना डिव्हिजन, इराकमधल्या कुतचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ची तिथली ब्रिटिश फौजेची शरणागती, सगळं तो विक्रेत्यालाच ऐकवतो. विक्रेता आदराने ऐकून घेतो आणि किंमत वाढवतो.

रात्री हॉटेलात पदकाची टूथपेस्टने घासपूस होते. शंभर वर्षांची काळपट झाक, जिच्यासाठी निम्मे पैसे मोजले होते, बेसिनमधून वाहून जाते.