आहेराच्या वहीबाहेर

एप्रिल लागला की आमच्या रत्नागिरीत घरोघरी पेंढ्यात आंबे पिकायला पडतात आणि पेट्यांच्या याद्या सुरू होतात. एक पेटी डॉक्टरांना, कारण गेल्या वर्षी त्यांनी फी घेतली नाही. एक मुंबईच्या व्याह्यांना. एक मुलाच्या साहेबांना, कारण सांगायला नको. चांगला आंबा असा बाहेरगावी जातो आणि डागी तेवढा घरच्यांच्या वाट्याला येतो. बागवाल्याची पोरं डागाभोवतीचा आंबा कापून खाण्यात जितकी तरबेज, तितकं मुंबईचं एकही गिऱ्हाईक नसेल.

देण्याघेण्यात आम्ही चोख. लग्नाला निघण्याआधी आहेराची वही उघडायची, त्यांनी काय घातलं होतं ते बघायचं आणि वर थोडे चढवायचे. आम्ही ख्रिस्ती असलो तरी ही खोड गेलेली नाही. नाताळात शेजारी करंज्यांचं ताट पाठवलं की ते धुऊन येतं, पण रिकामं येत नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून येतं. रविवारी पाळकसाहेब सांगतात, देवाची कृपा फुकट आहे. आम्ही मान डोलावतो. मावशी मात्र अस्वस्थ होते. तिच्या मते फुकट काही घ्यायचं म्हणजे मिंधं व्हायचं, मग देणारा देव का असेना.

मावशीचं अगदीच चुकतं असं नाही. आमच्याच जिल्ह्यात, करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांचं बघा. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा रंगल्या. निरोप घेताना वॉर्डसाहेबांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांनी वाचायचं कबूल केलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढ्यासाठी पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी गडी अडकला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुस्तक फुकट मिळालं. बिल मात्र घरी त्यांच्या बायकोकडे, लक्ष्मीबाईंकडे गेलं, आणि त्या तर गाडीतही नव्हत्या! नवरा बाटला म्हणून संसार मोडला, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण खदखदा हसतो खरे, पण त्या हसण्याखाली बाईनं काय काय सोसलं ते विसरायला होतं. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही. आला की कुणाच्या तरी अडचणीला निघून जायचा. ज्याला स्वतःला मोजून न दिलेलं मिळालं, तो दुसऱ्याला मोजून कसा देणार? तत्त्व म्हणून हे फार सुंदर. डबे रिकामे असताना ते ऐकून घ्यायला लक्ष्मीबाईच हव्यात.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पहिल्या दहा-बारा अध्यायांवर थांबलेलं होतं. जिला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली, त्या बाईनं पुढचे ६४ अध्याय लिहिले. याला परतफेड म्हणायला माझी जीभ धजत नाही. परतफेड करणारा माणूस हिशेब चुकता झाला की थांबतो; त्या हिशेबानं दहा-बारांना दहा-बारा पुरे होते.

हे सगळं मी मावशीला रंगवून सांगितलं. ती थोडी विरघळली. पण तिची खरी तक्रार बेथलेहेमची आहे. मागी लोक एवढ्या लांबून आले, सोनं, ऊद आणि गंधरस ठेवला आणि दुसऱ्या वाटेनं परत गेले. स्वप्नात सूचना झाली होती, हेरोदाचा धोका होता, हे सगळं तिला मान्य आहे. तरी मरीयेनं त्यांच्या हातावर निदान साखर तरी ठेवायला हवी होती, यावर ती ठाम आहे.