बारसं मीटरचं

भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये आयएस १६४४४ हे मानक काढून स्मार्ट मीटरचे शास्त्र बांधून टाकले. अचूकता किती असावी, निरोप कसा पाठवावा, दुरूनच वीज कशी तोडावी, सगळे त्यात आले. मीटर आता कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. ग्राहकाशी संबंध एवढाच की लाल दिवा अधूनमधून डोळा मारतो.

पूर्वी रीडिंगवाला यायचा. "वहिनी, यंदा पंखे फार फिरले वाटतं," एवढे तरी म्हणायचा. आता अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब परस्पर जातो. गिझर कधी लागला हे सासूबाईंच्या आधी कंपनीला कळते.

ग्राहकाचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार रीडिंग पटत नसेल, तर तक्रारीनंतर पाच दिवसांत शेजारी आणखी एक मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोघांचे आकडे ताडून पाहायचे. चोरावर मोर नव्हे, मीटरवर मीटर!

त्याच वर्षी महाराष्ट्रात स्मार्ट मीटरला जोडलेल्या 'प्रीपेड' शब्दावर लोक खवळले. सर्वसामान्यांकडे हे मीटर लावणार नाही, असे सरकारने सांगितले. मग स्मार्ट मीटर पोस्टपेड होऊन 'टीओडी' (टाइम ऑफ डे) या नावाने दारात हजर. बारशाचे आमंत्रण आम्हाला नव्हते.