खजिनदारांचा डॅशबोर्ड

दिंडोशीत जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या आजूबाजूला सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे, आणि संस्था आली की खजिनदार आलेच. त्यांचा नवा अवतार दिवसा आयटी पार्कात कंपनीचे आकडे सांभाळतो आणि रात्री जेवण उरकून सोसायटीचे. हिशेब त्यांना चोख जमतो. त्यांना छळतो तो साधनांचा शोध. एक्सेलमध्ये सगळं सुरळीत चाललेलं असताना ‘हेच पॉवर बीआयमध्ये काय झकास दिसेल!’ असं एकदा मनात आलं की तुलना सुरू. त्या तुलनेचंही एक शीट असतं, त्यात गुण आणि रंगही असतात. निकाल लागेपर्यंत एखाद्या उमेदवाराचं बारसं नव्यानं होतं (2022 मध्ये गूगल डेटा स्टुडिओचं लुकर स्टुडिओ झालं, तसं), आणि खजिनदार पुन्हा पहिल्या ओळीवर. वास्तविक परीक्षा एकाच प्रश्नाची आहे: खजिनदार गणपतीला गावी गेले, तर सेक्रेटरींना ते साधन उघडून कुठला आकडा कुठून आला हे सांगता येईल का? वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, त्यामुळे ही वेळ दरसाल येते.

या कसोटीवर मोठमोठे उमेदवार गळतात. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण विंडोजवरच चालतं, आणि अहवाल कमिटीला ऑनलाइन दाखवायचा तर सहसा पैसे मोजावे लागतात. वॉचमनच्या बॅटरीवर दोन बैठका घालवणारी कमिटी ते मंजूर करणार नाही. टॅब्लो पब्लिकही फुकट, पण तिथे प्रसिद्ध केलेलं सगळ्या जगाला दिसतं. थकबाकीदारांची यादी जगजाहीर झाली तर पुढची सभा पोलीस चौकीतच भरवावी लागेल. लुकर स्टुडिओ गूगल शीट्समधून आकडे सहज उचलतं, पण शीटमध्ये चूक असेल तर तीही रंगीत करून दाखवतं. आणि चूक तिथेच असते. फ्लॅटच्या रकान्यात 3-11 टाइप केलं की एक्सेल त्याची 3 नोव्हेंबर करतं. मालक हयात, फ्लॅटची मात्र तारीख! याच खोडीपायी शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये काही जनुकांची नावं बदलली. खजिनदारांना इतकं करायला नको; टाइप करण्याआधी त्या रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला की काम भागतं.

‘पण एक्सेल फसतं त्याचं काय?’ असा आक्षेप येतो, आणि तो खराही आहे. 2020 मध्ये इंग्लंडात जुन्या पद्धतीच्या फाइलीची 65,536 ओळींची मर्यादा नडली आणि कोविडचे सुमारे 16 हजार रुग्ण अहवालातून गळाले. मात्र 96 फ्लॅटांच्या सोसायटीत महिन्याला फ्लॅटमागे एक नोंद धरली तर वर्षाला 1,152 ओळी होतात. जुनी फाइलही 56 वर्षं पुरेल. आजच्या एक्सेलच्या 10,48,576 ओळी भरायला 910 वर्षं लागतील. तोवर रिडेव्हलपमेंटसुद्धा झालेलं असेल.

दुसरा आक्षेप असा, की आकडे कुणी वाचत नाही, चित्र सगळे बघतात. कबूल. पण टँकरचा खर्च महिनावार दाखवायला सरळ उभ्या खांबांचा एक आलेख पुरतो, आणि विंगवार थकबाकीला पिव्होट टेबल. ते एक्सेलमध्ये 1993 पासून आहे. विस्कळीत नोंदी सारख्या करणारी पॉवर क्वेरीसुद्धा 2016 पासून आतच आहे. नवं साधन शिकायचंय म्हणून शिकावं, नोकरीत उपयोगी पडतं. त्याची रंगीत तालीम सोसायटीच्या हिशेबावर कशाला?

शेवटी सभेत एक आजोबा उठून विचारतातच, “टाकीच्या दुरुस्तीचं दुसरं कोटेशन कुठाय?” हा प्रश्न कुठल्याच आलेखात मावत नाही, त्याला कागद लागतो. तो कागद कुठल्या फाइलीत आहे हे शीटच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवणारे खजिनदार पुढच्या वेळी बिनविरोध निवडून येतात. डॅशबोर्डवालेही बिनविरोधच येतात म्हणा. या पदाला दुसरं कुणी उभं राहतंय कुठे?