पुन्हा करणार नाही, साहेब

‘आरोपीने अशाच प्रकारचा गुन्हा पुन्हा करू नये.’ जामिनाची ही अट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. सराईत गुन्हेगार तिच्याखाली सही ठोकतो. हात बसलेला असतो!

मग सोमवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी. उरलेला आठवडा त्याचाच.

दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या एका खटल्यात आरोपीला गूगल मॅपवर पिन टाकायला लावली. पिनवरून माग काढता येत नाही, असं खुद्द गूगलनंच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये ती अट रद्द झाली. हजेरीवही टिकून आहे. तिला नेटवर्क लागत नाही.