भोगवटादार

सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली झाली, असं मानणारा माणूस बहुधा आयुष्यभर तिसऱ्या मजल्यावर राहिलेला असतो. वाईजवळ लहानसं घर बांधलं, भोवती दीडेक गुंठा मोकळी जागा उरली आणि उताऱ्यावर भोगवटादार म्हणून माझं नाव लागलं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फाइलमध्ये आणि फाइल कपाटात गेली. मग मृगाचा पाऊस पडला आणि अंगणात ज्यांचा भोगवटा खरा होता, ते एकेक करून माना वर काढू लागले. त्यांना माझ्या फाइलीचं काही पडलेलं नव्हतं.

गाजर गवताशी निदान तोंडओळख होती. 1950च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सगळे मानतात, आणि पांढऱ्या टोप्यांमुळे त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. नाहीतर अंगाला खाज सुटते. असला उघड वैरी परवडला. लव्हाळ्याचं तसं नाही. तुकतुकीत, देखणा, तीन धारांच्या दांड्याचा हा गडी ओढला की इतक्या सहज हाती येतो की आपल्याला उगाच कर्तबगार असल्यासारखं वाटतं. खाली काळी गाठ मात्र जागच्या जागी. तिच्यातून दोऱ्याएवढी मुळी निघून पुढच्या गाठीकडे गेलेली, तिथून आणखी पुढे. वर एकमेकांना ओळख न देणारी ही पाती जमिनीखाली एकाच घरातली निघतात; आपल्याकडच्या भाऊबंदांच्या नेमकं उलट.

"दादा, वरनं नका वढू, गड्डा ऱ्हातोय खाली," खुरपणीला येणाऱ्या मावशी सांगतात. उकिडवं बसून त्या खुरप्याचं टोक तिरकं घालतात, मनगटाला जरासा झटका देतात, आणि गाठ अलगद वर येते. त्यात कुठे जोर नाही की घाई नाही. माझ्या बाबतीत खुरप्याआधी गुडघेच बोलतात.

नम्रतेचा दाखला द्यायला तुकोबांनी लव्हाळाच का निवडला, हे मला शाळेत नव्हे, इथे कळलं. कुदळीपुढे तो ज्या विनयाने आडवा होतो, त्याच विनयाने चार दिवसांत परत उभा राहतो. नम्र माणसाशी भांडण फार अवघड. त्यात दिवाळीला उटण्याची पुडी आणावी, तर तिच्यात नागरमोथा, म्हणजे याचाच चुलतभाऊ. अंगणातली गाठ नखाने खरडून पाहिली, तर तसाच मातकट, गोडसर वास. घमेलंभर फुकट टाकायचं आणि चमचाभर विकत आणायचं, असा आमचा व्यवहार.

गिरगावातल्या आमच्या चाळीत जमीन म्हणजे डालड्याच्या डब्यातली माती. डब्यात तुळस. ती माती आईने माहेरहून, एसटीतून, मांडीवर पिशवी धरून आणलेली. सकाळी पाणी घातलं की केसातला आकडा काढून ती माती उकरायची, मग तोच आकडा पदराला पुसून परत अंबाड्यात खोचायची. त्या डब्यात एकदा असंच एक हिरवं पातं तुळशीच्या बरोबरीने वर आलं. मी ते उपटायला गेलो तर आईने हात धरला. "माहेरचं आहे रे, राहू दे." सणावारी तुळशीला हळदकुंकू वाहिलं की चिमूटभर त्यालाही मिळायचं. ते लव्हाळ्याचं होतं हे आत्ता, साठी उलटल्यावर कळतंय.

परवा मावशींना हे सांगितलं आणि म्हटलं, नळाजवळचा तेवढा कोपरा राहू द्या. त्यांनी खुरपं थांबवलं, कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे म्हणताय खरं," त्या म्हणाल्या, "पण त्यो तेवढ्यातच ऱ्हाणार हाय व्हय?"